एर्लांगनच्या मराठी आईबाबांना खुले पत्र: ट्रेलर द्या, पण त्याच्या पट्ट्यासकट

एर्लांगन आणि आसपासच्या समस्त मराठी आईबाबांना, तसंच नातवंडं सांभाळायला तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आजीआजोबांना,

स. न. वि. वि.

मार्च उजाडला, ऊन पडायला लागलं, की आपल्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज सुरू होतात. एक, 'कुणाकडे मुलांचा सायकल ट्रेलर आहे का?' आणि दुसरा, 'ट्रेलर देणे आहे, कंडिशन एकदम मस्त, फक्त झेंडा नाही.' कधी 'फक्त एक पट्टा हरवलाय', तर कधी 'फक्त सायकलला लावायचा तो छोटा पार्ट तुमचा तुम्ही बघा'. ट्रेलर म्हणजे सायकलला मागे जोडायची, मुलं बसवायची छोटी गाडी, आणि हे पत्र त्या 'फक्त'बद्दल आहे.

मी इथे शनिवारी सायकल दुरुस्तीच्या एका हौशी वर्कशॉपमध्ये हात काळे करते. पाने, पंप, स्टँड तिथे मिळतात, दुरुस्ती ज्याची त्याने करायची, अडलं तर आम्ही आहोत. आपली बरीच मंडळी येतात. कुणी पुण्याहून, कुणी नाशिकहून आलेली, नोकरी बहुतेकांची इंजिनिअरिंगची, आणि पहिलं मूल दीड-दोन वर्षांचं झालं की सोबत ट्रेलर असतोच. या गावात ते साहजिकही आहे. 1972 मध्ये महापौर झालेल्या डीटमार हालवेग यांनी सायकलवाल्यांना रस्त्यावर हक्काची जागा दिली, तेव्हापासून एर्लांगन सायकलींचं गाव म्हणून जर्मनीभर ओळखलं जातं. सकाळी किटाच्या, म्हणजे पाळणाघर-बालवाडीच्या, दारात पाहा, मोटारींपेक्षा ट्रेलर जास्त.

नवा, चांगला, दोन मुलांचा ट्रेलर घ्यायचा तर हजार युरो किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. मूल त्यात बसणार तीन-चार वर्षं. तेव्हा एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या घरात ट्रेलर फिरतात, आणि फिरावेतच. त्यात काटकसर आहे, शहाणपण आहे, माझा काडीचाही विरोध नाही. पण तिसऱ्या घरी पोचेपर्यंत सांगाडा, कापड, चाकं शाबूत असतात आणि हरवलेले असतात ते बोटभर लांबीचे भाग. मुलाची सुरक्षितता नेमकी त्या बोटभर भागांवर लटकलेली असते. मॅन्युअल तर पहिल्याच घरी रद्दीत गेलेलं असतं.

आधी आजीआजोबांचं ऐकून घेते, कारण सगळ्यांत जास्त बोलणी मी त्यांच्याकडूनच खाल्ली आहेत. 'एवढंसं पोर, त्याला मागे फरपटत न्यायचं? तुला दिसत नाही, गाडीवाल्याला दिसत नाही. त्यापेक्षा कॅरिअरवर सीट लावून पाठीशी का नाही बसवत?' प्रश्न बिनबुडाचा नाही. त्यांनी मुलं सायकलच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून बसवली, स्कूटरवर पुढे उभी केली. मूल आपल्या हातांच्या कवेत असलं की ते सुरक्षित, हा त्यांचा अनुभव आहे.

त्यांना मी वर्कशॉपच्या मागच्या गवतावर एक प्रयोग करून दाखवते. ट्रेलर सायकलला नीट जोडायचा, आत बटाट्यांची पिशवी बेल्टने बांधायची आणि सायकल हळूहळू डाव्या अंगावर आडवी करायची. हँडल गवताला टेकतं, पेडल मातीत रुततं, सायकल पूर्ण झोपते. ट्रेलर मात्र आपल्या दोन चाकांवर जसाच्या तसा उभा. सायकलच्या मागच्या एक्सलजवळ (चाकाच्या आसाजवळ) ट्रेलर जोडायचा जो तुकडा असतो, त्या कपलिंगचा गोळा आपल्या खोबणीत फिरलेला असतो, दांडा थोडा पिळल्यासारखा दिसतो, बस. बटाटे हललेलेही नसतात. आता हेच मूल कॅरिअरवरच्या सीटमध्ये असतं तर? सायकल तोल जाऊन पडते ती बहुधा उभी असताना, मुलाला बसवता-उतरवताना, स्टँड घसरला म्हणून. तेव्हा मुलाचं डोकं आपल्या छातीच्या उंचीवरून जमिनीवर येतं. ट्रेलरमध्ये ते मुळातच जमिनीपासून हातभर उंचीवर, भोवती ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा पिंजरा. एक आजोबा हे पाहून म्हणाले, 'मग आधी सांगायचं की!' आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच नातीला घेऊन निघाले.

पण हा प्रयोग जमतो कधी? कपलिंग त्या ट्रेलरचंच असेल आणि त्या सायकलच्या एक्सलवर जसं बसायला हवं तसं बसलेलं असेल, तेव्हाच. इथून पुढचं पत्र देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनी वाचावं.

कपलिंग सायकलच्या मागच्या एक्सलवर डाव्या बाजूला बसतं, कारण उजवीकडे चेन आणि गिअर असतात. प्रत्येक सायकलचा एक्सल सारखा नसतो, आणि घोटाळा तिथेच होतो. जुन्या सिटी-बाईकला नट असतो. कपलिंगची पट्टी त्या नटाखाली जाते, पण हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, गिअर असतील तर तिथे एक खाचेचा वॉशरही असतो आणि तो फ्रेमलाच चिकटून राहिला पाहिजे. जागा कमी पडते म्हणून लोक तो काढून खिशात टाकतात. टाकू नका. कपलिंग बसवल्यावर नट पूर्ण आट्यांवर चढत नसेल, तर त्या एक्सलवर ते कपलिंग बसत नाही, विषय संपला. दुसरा प्रकार क्विक रिलीजचा, म्हणजे खटका उघडून चाक सोडवायच्या बारीक दांडीचा. तिथे कपलिंगच्या जाडीमुळे दांडी अपुरी पडू शकते. पलीकडचा नट निदान पाच पूर्ण फेरे बसला पाहिजे, नाहीतर लांब दांडी घ्या, ती स्वस्तात मिळते.

तिसरा प्रकार म्हणजे थ्रू-एक्सल, चाकातून आरपार जाऊन फ्रेममध्ये आट्यांनी बसणारा जाड एक्सल. आजकालच्या बऱ्याच ई-बाईकना आणि नव्या सायकलींना तोच असतो. जाडी बहुतेक 12 मिलिमीटर, पण लांबी वेगवेगळी आणि आट्यांचं अंतर कधी 1, कधी 1.5, कधी 1.75 मिलिमीटर. ट्रेलरसाठी खास लांब एक्सल घ्यावा लागतो आणि तो त्याच मापाचा हवा. चुकीचा एक्सल पहिले दोन-तीन आटे गोडीत आत जातो आणि मग अडकतो. जोर लावला की फ्रेमचे आटे गेलेच म्हणून समजा. जुना एक्सल काढून पाहा, पुष्कळदा त्याच्यावरच माप छापलेलं असतं. त्याचा फोटो घेऊन दुकानात जा.

हे एवढं खुलवून सांगते आहे त्याला कारण आहे. गेल्या उन्हाळ्यात एक जोडपं ट्रेलर घेऊन आलं. देणाऱ्यांची सायकल क्विक रिलीजची, यांची ई-बाईक थ्रू-एक्सलची. कपलिंग कुठेच बसेना, तेव्हा भाऊसाहेबांनी ते कॅरिअरच्या नळीला केबल-टायने आवळलं होतं. एकावर एक, चांगले पाच-सहा टाय, वरून काळी चिकटपट्टी. काम इतकं नीटनेटकं होतं की माझ्याच तोंडून आधी 'वा' निघालं. रिकामा ट्रेलर ओढत ते आमच्यापर्यंत आले होते आणि दुपारी मुलाला घेऊन डेखसेनडोर्फच्या तळ्यावर जायचा बेत होता. कॅरिअर सामानाचं वजन वरून झेलण्यासाठी असतं. मागून हिसके देणाऱ्या चाळीस किलोंसाठी ते केलेलंच नाही. बेत पुढच्या आठवड्यावर गेला, योग्य एक्सल आला, आता ते रोज किटाला जातात.

यात ट्रेलर देणाऱ्यांची काय चूक, असं कुणी म्हणेल. मी म्हणते, आहे. 'तुमची सायकल कुठली?' एवढा एक प्रश्न पैसे घेताना विचारायचा राहिला होता.

कपलिंगइतकाच महत्त्वाचा तो पट्टा. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला एक कापडी पट्टा असतो. तो सायकलच्या फ्रेमच्या मागच्या नळीभोवती घेऊन परत दांड्यावरच्या कडीत अडकवायचा. रोज. पिन निसटली, कपलिंग तुटलं, तरी ट्रेलर सायकलपासून सुटून जाणार नाही, यासाठी तो आहे. बुर्गबेर्गच्या उतारावर राहणाऱ्यांना जास्त समजावून सांगायला नको. पट्टा सीटच्या नळीला किंवा कॅरिअरला बांधू नका. फार ढिला राहिला तर स्पोकमध्ये जातो, फार ताणला तर वळताना अडतो. आणि हरवला असेल तर सामान बांधायचा मिळेल तो पट्टा लावून वेळ मारून नेऊ नका, त्या कंपनीचाच मागवा. हा पट्टा नसलेला ट्रेलर 'फक्त पट्टा नसलेला' नसतो. माझ्या लेखी तो अर्धा ट्रेलर आहे, आणि अर्धा ट्रेलर विकायला काढू नये.

काही ट्रेलरांच्या जोडात गोळ्याऐवजी रबरासारखा लवचीक तुकडा असतो. तो हाताने वाकवा आणि वाकलेल्या जागी बारीक भेगा दिसतात का ते उजेडात पाहा. वर्षानुवर्षं अंगणात उन्हापावसात उभ्या असलेल्या ट्रेलरचा हा तुकडा कडक होतो. भेग दिसली तर बदला.

चाकं बटण दाबून निघतात. केलरमध्ये (तळघरात) ठेवायला, मोटारीच्या डिकीत टाकायला सोयीचं. परत बसवताना 'टक' असा आवाज येतो, पण आवाजावर विसंबू नका. प्रत्येक चाक बाहेरच्या बाजूला खसकन ओढून पाहा. घाईच्या सकाळी एकाने बसवलं, दुसऱ्याने ओढून पाहिलं, अशी वाटणी बऱ्या घरांत चालते.

आता पिठाची गोष्ट. हसू नका. न्यूर्नबेर्गला इंडियन स्टोअरमध्ये जाऊन दहा किलोची आटा-पिशवी आणणं हा आपल्या सगळ्यांचा कुळाचार आहे. ट्रेलरच्या मागे सामानाचा कप्पा असतो, पिशवी त्यात जाते. तो कप्पा चाकांच्या एक्सलच्या मागे आहे. पुढे बसलेलं मूल दहा-अकरा किलोंचं. आता तराजूचं पारडं मागे झुकतं, दांड्याचं पुढचं टोक वर उचलायला बघतं आणि सायकलचं मागचं चाक हलकं होतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की ते घसरतं, आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. कपलिंगवर थोडा भार खाली दाबणारा असलाच पाहिजे. निघण्याआधी, जोडण्यापूर्वी, दांडा हाताने उचलून पाहा. काही किलोंचं वजन हाताला लागलं पाहिजे. न लागता दांडा आपणच वर येत असेल, तर मागचं सामान काढा. पीठ सायकलच्या बाजूच्या पिशवीत घाला, मागे डायपर आणि जॅकेट. मुलाच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर सुटी पिशवी ठेवायचा मोहही नको. करकचून ब्रेक लागला की ती मुलाच्या अंगावर येते.

किती वजन चालेल हे ट्रेलरवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तो आकडा ट्रेलरच्या स्वतःच्या वजनासकट आहे की आतल्या वजनाचा, हे नीट वाचा, कारण ट्रेलर स्वतःच बारा-पंधरा किलोंचा असतो. सायकलच्या कंपनीचीही परवानगी लागते. काही फ्रेमना, विशेषतः कार्बनच्या, ट्रेलर लावायला कंपनी सरळ मनाई करते.

गणपतीच्या दिवसांत आणखी एक प्रकार होतो. मूर्ती आणायला म्हणून सीट आतून सोडवली जाते. बाप्पा सुखरूप घरी येतात, कौतुकाचे फोटो निघतात, आणि अनंत चतुर्दशीनंतर सीट परत लावताना एखादा बेल्ट सांगाड्याच्या नळीभोवती न जाता नुसत्या कापडातून ओवला जातो. वरून काहीच कळत नाही. म्हणून सीट एकदा जरी काढली असेल, तरी प्रत्येक बेल्ट मुळाशी धरून जोरात हिसडा देऊन बघा. नुसतं कापड ताणलं जातंय की नळी धरून ठेवते आहे, हे हाताला लगेच कळतं.

बेल्ट लावण्याबद्दल आपल्या लोकांची एक खास खोड आहे, ती थंडीची. फुगलेलं जॅकेट, त्याखाली स्वेटर, त्यावर बेल्ट. बेल्ट घट्ट वाटतो, पण घट्ट असतं ते जॅकेट. हिसका बसला की जॅकेट दबतं आणि मूल वर सरकतं. पातळ कपड्यांवर बेल्ट घट्ट लावा आणि वरून पांघरूण किंवा पायपिशवी घाला. पांघरूण मात्र हवंच. पेडल मारून तुम्हाला घाम फुटलेला असतो आणि मागे मूल हालचाल न करता गारठत असतं. आजीची शाल नको, मफलर नको, ओढणी तर नकोच. टोक जाळीबाहेर गेलं की चाकापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. पुढची जाळी कायम बंद ठेवा, कारण तुमच्या मागच्या चाकाने उडवलेला खडा सरळ मुलाच्या तोंडाच्या उंचीवर जातो. उन्हाळ्यात उलटी काळजी. पावसाचं प्लॅस्टिक उन्हात बंद ठेवलं तर आत भट्टी होते. जाळी लावा, प्लॅस्टिक गुंडाळून वर करा आणि थांबून थांबून मुलाच्या मानेला हात लावून पाहा.

हेल्मेटची इथे कायद्याने सक्ती नाही. मी म्हणते, घाला, पण आधी मूल बसवून बाजूने बघा. सीटच्या पाठीला डोक्यामागे खळगा नसेल तर हेल्मेट डोकं पुढे ढकलतं आणि झोपलेल्या मुलाची हनुवटी छातीवर टेकते. मागून सपाट आकाराचं हेल्मेट मिळतं, ते बरं. आणि बागेत पोचल्यावर ते काढून घ्या. घसरगुंडीच्या फटीत हेल्मेट अडकून पट्ट्याने गळा आवळला जाण्याचा धोका खरा आहे. त्यासाठीच युरोपात ताण आला की सुटणाऱ्या पट्ट्याच्या लहान मुलांच्या हेल्मेटला ईएन 1080 असं वेगळं मानक आहे.

चालवायचं कसं, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. रविवारी इथे दुकानं बंद असतात, सुपरमार्केटची पार्किंग ओस पडलेली असते. तिथे जा. आधी रिकामा ट्रेलर, मग बटाटे. वळून बघा: ट्रेलर तुमच्या मागोमाग येत नाही, तो वळण आतून कापतो. आणि तो तुमच्या हँडलपेक्षा रुंद असतो. तुम्ही फुटपाथच्या कडेला चाटून आरामात गेलात, पण ट्रेलरचं उजवं चाक कडेवर चढलं. ट्रेलर उलटतो तो बहुतेक अशानेच. एक चाक वर, त्यात वळण, त्यात वेग. रिकाम्या ट्रेलरचं चाक मुद्दाम हळूच कडेवर चढवून बघा, किती पटकन तो कलतो ते एकदा दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही. वळणाआधी चालण्याच्या वेगावर या. ब्रेक वळणात नव्हे, वळणाच्या आधी. ई-बाईकवाल्यांना तर दोनदा सांगते. मोटर ताशी 25 किलोमीटरपर्यंत मदत करते आणि मागचं ओझं तुम्हाला जाणवूच देत नाही, म्हणून वळणावर पोचता तेव्हा वेग भलताच असतो. निघताना मोटर सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा, नाहीतर आत मानेला झटका बसतो.

सायकल आणि ट्रेलर मिळून लांबी तीन मीटरच्या पुढे जाते. रस्त्याच्या मधल्या बेटावर तुम्ही थांबता, तुमचं पुढचं चाक सुरक्षित, आणि मूल? मूल मागच्या लेनमध्ये. म्हणून दोन्ही बाजू एका दमात ओलांडता येत असतील तेव्हाच निघा, किंवा रुंद बेट असलेल्या सिग्नलला वळसा घाला. सिग्नलला उभ्या ट्रकच्या उजवीकडे शिरू नका, मागे थांबा. तुम्ही आरशात दिसलात तरी ट्रेलर दिसेलच असं नाही. आता तो झेंडा. दिंडीतल्या पताकेसारखा उंच डुलणारा तो केशरी तुकडा उभ्या मोटारींच्या रांगेवरून दिसतो, आतलं मूल दिसत नाही. 'फक्त झेंडा नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा मोटारीच्या ड्रायव्हर सीटवर बसून मागून येणारा बिनझेंड्याचा ट्रेलर शोधून बघावा.

कायदा थोडक्यात. मुलांसाठीच बनवलेला ट्रेलर, आत जास्तीत जास्त दोन मुलं, त्यांची सात वर्षं पूर्ण होईपर्यंत, चालवणारा किमान 16 वर्षांचा. म्हणजे आजोबा चालवू शकतात, नववीतला दादा नाही. ताशी 45 किलोमीटरवाल्या वेगवान ई-बाईकमागे मुलांना ट्रेलरमधून न्यायला बंदी आहे. मागे लाल रिफ्लेक्टर दोन, आणि 2018 पासून नव्याने रस्त्यावर आलेला ट्रेलर 60 सेंटीमीटरपेक्षा रुंद असेल तर मागे डावीकडे लाल दिवाही हवा. जुन्यालाही लावा, दिवा काही महाग नाही. मोटारीने तुम्हाला ओलांडताना गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं, हे 2020 पासून नियमात आकड्यानिशी आहे. तेव्हा कडेला अंग चोरून चालवू नका. तुम्ही जितके आकसता तितके लोक फटीतून घुसतात.

तान्ह्या बाळाचं विचाराल तर जर्मन कायद्यात खालची वयोमर्यादा नाही आणि कंपन्या बाळासाठी झोळीसारखी खास सीट विकतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र वर्षाच्या आतलं बाळ सायकलवरून नेऊच नका म्हणते. माझं मत त्यांच्या बाजूने झुकतं. आपल्या जुन्या गावातल्या दगडी फरशीवरून रिकामा ट्रेलर ओढत नेताना तो कसा थडथडतो ते ऐका, मग ठरवा. मूल स्वतःहून नीट बसायला लागलं, हेल्मेटसकट मान सावरू लागलं, की निघा. तोवर तोच ट्रेलर ढकलगाडी म्हणून वापरा. त्यातही एक सांगते, दोन उभ्या मोटारींमधून रस्त्यावर येताना आधी गाडीचं तोंड बाहेर पडतं आणि मग तुमचे डोळे. आणि सायकलपासून सोडवण्याआधी हँडब्रेक लावा, मग पिन काढा. क्रम उलटा नको.

भारतात परत जाणाऱ्यांसाठी थोडं कडू. कंटेनरमध्ये ट्रेलर घालून नेणारी कुटुंबं मला माहीत आहेत. 'पुण्यात मस्त वापरू.' नका हो. इथे जे काम वेगळा सायकल-रस्ता आणि दीड मीटरचं अंतर करतं, ते तिथे कोण करणार? चारी बाजूंनी दुचाक्या, ट्रेलरच्या एका चाकाला गाठणारे खड्डे, आणि रिक्षाच्या धुराच्या नळीच्या उंचीवर मुलाचं नाक. सोसायटीच्या आत, मैदानात खुशाल फिरवा, रहदारीत नाही. आणि तिथे गेल्यावर मूल दुचाकीवर बसणारच आहे, तर 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेला केंद्राचा नियम पाळा: 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा-पट्टा, डोक्याला बसणारं हेल्मेट, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. हेल्मेट सायकलचं, ईएन 1078 किंवा 1080 मानकाचं असलं तरी त्या नियमात चालतं, म्हणजे इथलं हेल्मेट सामानात जरूर घाला. ट्रेलर इथेच कुणाला तरी देऊन जा.

देताना मात्र असं करा. जाहिरातीच्या मेसेजमध्ये कपलिंगचा आणि पट्ट्याचा जवळून घेतलेला फोटो टाका, नुसता गोंडस मूल बसलेला नको. काय हरवलंय ते आधी मागवा आणि किमतीत धरा, घेणारा देईल. कंपनीच्या साइटवर मॅन्युअल बहुधा मिळतं, त्याची लिंक सोबत पाठवा. एकट्या मुलाला दोन सीटच्या ट्रेलरमध्ये कुठे बसवायचं, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि ते त्यातच लिहिलेलं असतं. ट्रेलर कधी मोटारीच्या धक्क्याने आपटला असेल, तर ते लपवू नका. वाकलेली नळी सरळ करून रंगवलेला ट्रेलर भंगारातच गेला पाहिजे. आणि ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना विनंती की 'फक्त' असलेली जाहिरात आली की खाली हसरा चेहरा टाकण्याऐवजी 'पार्ट आला की टाका' असं लिहा. दोन जण रुसतील. रुसू देत.

शेवटचं म्हणजे, व्यवहार दारात उभ्या उभ्या उरकू नका. घेणाऱ्याने स्वतःची सायकल घेऊन यावं, देणाऱ्याने आपल्या हाताने ट्रेलर जोडून दाखवावा, मग घेणाऱ्याने सोडवून पुन्हा जोडावा, आणि गल्लीच्या टोकापर्यंत बटाट्यांची एक फेरी व्हावी. चहाच्या आधी. शनिवारी आमच्याकडे या, जागा आहे, पाने आहेत, बटाटेही आहेत. फक्त ट्रेलर एकटा आणू नका, ज्या सायकलला लावायचा ती आणा.

आपली,
एर्लांगनची एक शनिवारची मेकॅनिक